पाणी वाहतं तिथे गळ टाका

उन्हाळा सरतो, पण समुद्राला ते लगेच कळत नाही. पहाटेच्या हवेत किंचित गारवा येतो, दिवस आखडू लागतो, आणि किनाऱ्यालगतचं पाणी मात्र अजून 28-30 अंशांवर असतं. शरदाच्या सुरुवातीच्या या आठवड्यांत गरवण्याबद्दल, म्हणजे गळाने मासे धरण्याबद्दल, यंदा सगळ्यात जास्त पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं मी एकत्र केली आहेत आणि प्रत्येक प्रश्न थोडक्यात दिला आहे.

ऋतू पालटला की किनाऱ्याजवळ मासा येतो असं सगळे सांगतात. आम्ही दोघे मित्र सकाळी नऊला पोहोचतो आणि दुपारपर्यंत उथळ पाण्यात गरवतो. बोय (मुलेट) मासे उड्या मारताना दिसतात, पण गळाला काहीच लागत नाही. जागा चुकते आहे का?

जागा चांगली आहे, ती सोडू नका. बोय दिसतात याहून मोठी खूण मला माहीत नाही. वेळ मात्र बदला.

समुद्राचं पाणी 20 अंशांवर असताना लिटरमागे जास्तीत जास्त साधारण 7.4 मिलिग्रॅम प्राणवायू धरतं. तेच पाणी 30 अंशांवर गेलं की 6.2 च्या आसपास येतं. माशाचं अंग पाण्याबरोबर तापतं, त्यामुळे त्याची प्राणवायूची गरज त्याच वेळी वाढलेली असते. गुडघाभर पाण्यावर ऊन चढलं की मोठा शिकारी मासा तिथे थांबत नाही. तो खोल मार्गात उतरतो, नाहीतर खारफुटीच्या सावलीत किंवा पुलाच्या खांबाआड, जिथून पाणी खेळतं अशा जागी जाऊन राहतो. तुम्ही नेमके तो निघून गेल्यावर पोहोचता. उजाडण्याच्या सुमारास पहिला गळ पाण्यात पडला पाहिजे. पुढचे दोन तास तुमचे. संध्याकाळचे शेवटचे दोन तासही तसेच.

त्यात एक मेख आहे. पाणवनस्पती रात्रभर श्वास घेतात, पण अंधारात प्राणवायू तयार करत नाहीत. म्हणून साचलेल्या, गवताळ पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो नेमका पहाटे. पहाटे जायचं तर बंदिस्त कोपऱ्यात बसू नका, समुद्राचं ताजं पाणी जिथून आत येतं त्या तोंडाशी उभे राहा.

आता बोयांविषयी. शरदात मोठे बोय अंडी घालायला खुल्या समुद्राकडे निघतात, आणि त्यांचे थवे किनारा धरून चालतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर सप्टेंबरपासून असे थवे दक्षिणेकडे सरकू लागतात आणि स्नूक, टार्पन, शार्क असे शिकारी मासे त्यांच्या मागे लागतात. थवा कसा वागतो ते आधी नुसतं बघा. एखादा बोय सरळ वर उडून बदकन पडला तर त्याचा अर्थ शिकारी आहे असा होत नाही. कमी प्राणवायूच्या पाण्यात वर येऊन हवा घ्यायला ते उडतात, असं एक कारण अभ्यासकांनी मांडलं आहे. थवा सैल, आरामात चाललेला असेल तर खाली कुणी नाही. पण तो एकाएकी आवळला, एकाच बाजूला धडाधड पाण्याबाहेर फुटला, की खाली कुणीतरी आहे. तेव्हा आमिष थव्याच्या मधोमध टाकू नका, तिथे हजारांत एक होऊन जातं. कडेला टाका आणि थोडं खाली जाऊ द्या. थव्यातून सुटलेला एकटा मासा आधी खाल्ला जातो.

भरती-ओहोटीच्या तक्त्यात पूर्ण भरती सकाळी 8.10 ची होती. आम्ही बरोबर आठला पोहोचलो. तासभर पाणी नुसतं उभं होतं, म्हणून कंटाळून निघालो. भरतीला मासा खातो हे खोटं का?

पाणी थांबलं तेव्हा तुम्ही पोहोचलात, आणि ते वाहायला लागणार तेवढ्यात निघालात. तक्ता पाण्याची उंची सांगतो. माशाला उंचीशी फार घेणंदेणं नाही, त्याला प्रवाहाची ओढ हवी असते. ओढ असली की चारा आपोआप त्याच्या तोंडासमोर येतो.

जिथे दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते तिथला जुना हिशेब पाठ करून ठेवा. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सहा तास. जेवढं पाणी उतरायचं असतं त्याचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं. तुमच्या दिवशी ते तास साधारण सव्वादहा ते सव्वाबारा होते. पण तोवर ऊन चढलेलं, म्हणून तो दिवसच या ऋतूत गरवण्याला फारसा सोयीचा नव्हता. भरती रोज अंदाजे 50 मिनिटांनी पुढे सरकते. चार दिवस आधी तिथे पूर्ण भरती पहाटे पाचच्या सुमारास झाली असेल, आणि जोराची ओहोटी सात ते नऊ. मी तक्ता हातात घेते तो असा दिवस शोधायला: वाहतं पाणी आणि कोवळा प्रकाश एकाच वेळी मिळाले पाहिजेत.

या दिवसांत मी भरतीपेक्षा ओहोटी जास्त मानते. खारफुटीच्या मुळांतून, गवतातून, चिखलाच्या पठारावरून पाणी उतरतं तेव्हा उन्हाळाभर तिथे वाढलेली कोलंबी, लहान खेकडे, माशांची पिल्लं त्याच्याबरोबर खाली येतात. छोट्या ओघळाचं पाणी मोठ्या मार्गाला जिथे मिळतं, तिथे मोठा मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. तो भर धारेत क्वचितच राहतो. वाहतं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागून असतं त्या रेषेच्या संथ बाजूला राहतो आणि धारेतून जाणारं टिपतो. ती रेषा वर फेस आणि काडीकचरा वाहताना स्पष्ट दिसते. गळ धारेच्या वरच्या अंगाला टाका आणि कमीत कमी वजन लावून वाहत येऊ द्या. प्रवाहाच्या उलट पोहत येणारी कोलंबी माशाने कधी पाहिलेली नसते.

आणखी दोन गोष्टी. अरुंद तोंडाच्या खाडीत बाहेर समुद्रावर भरती पूर्ण झाली तरी आत पाणी शिरतच राहतं, कधी कधी बराच वेळ. तुमच्या जागी पाणी प्रत्यक्ष कधी फिरतं ते वहीत लिहून ठेवा. तक्त्याची वेळ आणि तुमची वेळ यांतला फरक एकदा कळला की तो पुढेही जवळपास तोच राहतो. आणि मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर भागासारख्या किनाऱ्यांवर बऱ्याच ठिकाणी दिवसातून एकच भरती असते, तिथे हा बारा भागांचा हिशेब लावू नका.

सप्टेंबरात (दक्षिण गोलार्धात शरद मार्चमध्ये येतो, तिथे मार्चात) दिवस-रात्र समान होतात, त्या सुमाराचं अमावास्या-पौर्णिमेचं उधाण वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतं. पाणी एरवी कोरड्या राहणाऱ्या गवतात शिरतं आणि मासे त्याच्यामागून जातात. ऐन उधाणात मात्र वाहून आलेलं शेवाळ दोरीला गुंडाळतं आणि आमिष तळाशी टिकत नाही. उधाण उतरू लागल्यावरचे दोन-तीन दिवस मला त्याहून आवडतात.

ल्युअरचे, म्हणजे कृत्रिम आमिषाचे, रंग किती असावेत?

दोन पुरेत. स्वच्छ पाण्यात फिकट, गढूळ पाण्यात किंवा अंधारात गडद. त्यापेक्षा तुमचं ल्युअर त्या दिवशीच्या चाऱ्याएवढ्या लांबीचं आहे का ते बघा.

हवेचा दाब उतरू लागला की मासा तुटून पडतो, म्हणून मी फोनवर दाब बघूनच निघतो. यात तथ्य किती?

वादळी हवा येण्याआधी मासा कधी कधी जोरात खातो, हे मीही पाहिलं आहे. पण त्याचं श्रेय दाबाला द्यायला माझं मन तयार होत नाही, आणि कारण साध्या हिशेबात आहे. हवेच्या दाबातला 1 हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जेमतेम 1 सेंटिमीटर पाण्याचा दाब. दाब 10 हेक्टोपास्कलने उतरला, म्हणजे चांगलाच उतरला, तरी माशाच्या दृष्टीने तो वीतभरही वर सरकला नाही. डोक्यावरून जाणारी एक साधी लाट त्याला याहून मोठा फरक दर काही सेकंदांनी दाखवते.

मग बदलतं काय? ढग येतात आणि प्रकाश उतरतो. वारा पाण्यावर चुळबूळ उठवतो, त्यामुळे शिकारी लपतो आणि हवाही पाण्यात मिसळते. समुद्राकडून येणारा वारा पाणी आणि चारा दोन्ही किनाऱ्याकडे लोटतो. जमिनीकडून दोन दिवस जोराचा वारा राहिला तर तक्त्यात लिहिलेली भरती प्रत्यक्षात तितकी येतच नाही. फोनवर वाऱ्याची दिशा बघा, आणि ज्या काठावर वारा येऊन आपटतो तिथे जा. फेकायला त्रास होईल, तो सोसा.

जोराच्या पावसानंतर खाडी चहासारखी तपकिरी होते. तेव्हा घरीच बसावं का?

नाही, पण गळ खोल न्या. गोडं पाणी हलकं असतं, ते वर पसरतं आणि खारं त्याखाली राहतं. तुम्हाला दिसते ती वरची तपकिरी चादर, मासा तिच्याखाली असू शकतो. शिसं थोडं वाढवून आमिष तळाजवळ न्या आणि खाडीच्या तोंडाकडे सरका, जिथे तपकिरी आणि हिरव्या पाण्याची सीमा दिसते. त्या सीमेवर गरवा.

वाहून आलेला पाला कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो, तेव्हा एक खूण ओळखा. खेकडे काठावर चढून बसले असतील, लहान मासे पृष्ठभागाशी तोंडं काढून असतील, तर ती जागा सोडा. अमेरिकेतल्या अलाबामात मोबाइल बेच्या पूर्व काठावर उन्हाळ्यात काही पहाटे असं घडतं की तळचं प्राणवायू संपलेलं पाणी किनाऱ्याकडे सरकतं आणि त्याच्यापुढे खेकडे, कोलंबी, चपटे मासे अक्षरशः काठाला येऊन लागतात. तिथले लोक त्याला 'ज्युबिली' म्हणतात आणि टोपल्या घेऊन धावतात. गुदमरलेला मासा गळाकडे बघतही नाही.

आम्ही मोठा मासा नेहमी सोडून देतो. पण या दिवसांत सोडलेला मासा पुष्कळदा उलटा होऊन तरंगतो. आमचं काय चुकतं? आणि मोठाच का सोडायचा, लहान का नाही?

हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं, कारण मासा पाण्यात पडला की काम झालं असं मानणारे अनेक आहेत.

तापलेल्या पाण्यात मासा दमतो लवकर आणि सावरतो उशिरा. दोरी जितकी बारीक तितकी झुंज लांबते. 'बारीक दोरीवर मोठा मासा' ही फुशारकी थंड पाण्यात कदाचित खपेल, या ऋतूत ती माशाच्या जिवावर बेतते. किनाऱ्यालगतच्या मध्यम माशांसाठी 15 पौंडांची, म्हणजे सुमारे 7 किलोचा ताण पेलणारी विणलेली दोरी आणि पुढे 30 पौंडांचा तंगुसाचा किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर (दोरी आणि गळ यांमधला तुकडा) ठेवा. रीलचा ड्रॅग (ज्या ताणावर रील दोरी सोडू लागतं तो) दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. मासा लागला की खेळवत बसू नका, जवळ आणा.

जिवंत किंवा ताज्या आमिषाला सर्कल हुक वापरा, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ. त्यावर झटका मारायचा नसतो, आणि जुन्या हातांना हीच सवय मोडणं जड जातं. मासा आमिष घेऊन वळला की दोरी ताणत गुंडाळत राहा. गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तरीही कधी मासा गळ गिळतो. तेव्हा ओढाओढ न करता दोरी तोंडाजवळ कापा आणि सोडा. आत गेलेला गळ काढताना जी इजा होते ती गळ ठेवण्यापेक्षा वाईट असते.

हात ओले करून मगच माशाला लावा. कोरड्या फडक्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच थर त्याला रोगजंतूंपासून वाचवतो. मोठा मासा खालच्या जबड्याला धरून उभा लटकवू नका. त्याचं सगळं वजन पाण्याने पेललेलं असतं, जबडा आणि मणके त्यासाठी घडलेले नाहीत. एक हात पोटाखाली, मासा आडवा. फोटो काढायचा तर कॅमेरा आधी तयार ठेवा आणि मासा नंतर उचला. सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरा म्हणजे पाणी तोंडातून कल्ल्यांतून जाईल. पुढे-मागे घुसळू नका, मागे ओढल्याने कल्ल्यांत पाणी उलटं जातं. तो स्वतः शेपटी मारून हातातून सुटेपर्यंत थांबा. आणि भर दुपारी, पाणी पायांना कोमट लागत असताना, केवळ सोडून देण्यासाठी म्हणून गरवूच नका.

मोठा का सोडायचा? जिताड्याचं उदाहरण घ्या. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. साधारण 80 सेंटिमीटर ते 1 मीटरच्या टप्प्यात हा बदल होत जातो, म्हणजे त्याहून मोठे जिताडे बहुतेक सगळ्या माद्याच. स्नूकचंही तसंच आहे. सगळे मोठे उचलले तर पाण्यात नुसते नर उरतील. रेड ड्रम हा घोळ-ढोम्याच्या कुळातला मासा लिंग बदलत नाही, पण तो चाळीस वर्षांपर्यंत जगतो आणि वयात यायलाच काही वर्षं घेतो. म्हणून फ्लोरिडात 18 ते 27 इंचांमधलाच रेड ड्रम ठेवता येतो, त्याहून लहान आणि त्याहून मोठा दोन्ही पाण्यात परत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: लहानही सोडा, मोठाही सोडा, ठेवायचा तर मधला ठेवा. अर्थात तुमच्या किनाऱ्याचा नियम आधी वाचून.

हेच मोठे रेड ड्रम उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात खाड्यांच्या तोंडाशी अंडी घालायला जमतात. नर हवेच्या पिशवीलगतचे स्नायू थरथरवून ढोल वाजल्यासारखा आवाज काढतात, आणि शांत संध्याकाळी तो होडीच्या तळातून ऐकू येतो. असा थवा सापडला की गळ टाकण्याचा मोह होतोच. मी टाकत नाही, आणि तुम्हीही टाकू नका अशी माझी विनंती आहे.

उथळ पाण्यात चालताना पाकटाने काटा मारला तर काय करायचं? वडिलांना मधुमेह आहे, त्यांनी यावं का?

पाकट (स्टिंगरे) वाळूत पुरून घेतो आणि अंगावर पाय पडला तरच मारतो. म्हणून पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत सरकवा. धक्का लागला की तो स्वतःच निघून जातो.

काटा लागलाच तर वेदना भयंकर असतात. त्याचं विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. सोसवेल तितक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात पाय 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवा. दुखऱ्या पायाला तापमान नीट कळत नाही, त्यामुळे आधी दुसऱ्या पायाने किंवा हाताने पाणी तपासा, नाहीतर भाजेल. नंतर डॉक्टरांकडे जाच, काट्याचे तुकडे आत राहतात. छातीत किंवा पोटात लागला असेल तर काटा उपसू नका, तसंच रुग्णालय गाठा.

वडिलांबद्दल मी जास्त सांभाळून बोलेन. कोमट, निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचे जंतू वाढतात आणि ते उघड्या जखमेतून शिरतात. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका जास्त. पायाला साधा ओरखडा असला तरी त्यांनी या दिवसांत पाण्यात उतरू नये. धक्क्यावरून किंवा होडीतून खुशाल गरवावं. माशाचा काटा किंवा गळ टोचला तर लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. काही तासांत लाली वर चढू लागली, फोड आले, ताप आला तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना 'जखमेला समुद्राचं पाणी लागलं होतं' हे पहिल्याच वाक्यात सांगा, उपचार त्यावरून ठरतात.

नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा न्यायचं आहे. मोठा मासा मिळावा अशी तिची फार इच्छा आहे.

पहिल्या दिवशी वाळूतली मुडदुशी गरवा. बारीक गळ, कोलंबीचा नखाएवढा तुकडा, छोटंसं शिसं, आणि लाट फुटते त्याच्या आतलं पाणी. दर थोड्या वेळाने दोरीवर टकटक जाणवते, आणि मुलांना तेच हवं असतं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे बोटात शिरला तरी सहज निघेल. टोपी, चष्मा, होडीत असाल तर लाइफ जॅकेट. तासाभराने कंटाळली तर लगेच परत निघा.

शरदाच्या सुरुवातीला दुपारनंतर गडगडाटी ढग झपाट्याने वाढतात, आणि कार्बनची काठी वीज वाहून नेते. गडगडाट ऐकू आला याचा अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकेल इतक्या अंतरावर आहे. काठी आडवी ठेवा, मुलीला घेऊन बंद गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर येऊ नका, मासा कितीही खात असला तरी.